१६ सप्टेंबर २००९ : दोन स्पार्क प्लगचा खटला

सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी बजाज ऑटो विरुद्ध टीव्हीएस मोटर या पेटंट वादात आदेश दिला. पुण्याच्या बजाजकडे एका लहान सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग वापरणाऱ्या इंजिनाचे, म्हणजे डीटीएस-आय तंत्राचे पेटंट होते. टीव्हीएसच्या १२५ सीसी 'फ्लेम' मोटारसायकलने त्याचा भंग केला, असा बजाजचा दावा होता. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. अशोककुमार गांगुली यांनी 'फ्लेम'च्या विक्रीला मुभा दिली. मात्र प्रत्येक विक्रीचा चोख हिशेब ठेवण्यास सांगितले. मूळ दावा ३० नोव्हेंबरपर्यंत निकाली काढावा, असेही बजावले.

या आदेशाचे खरे मोल त्यातल्या सर्वसाधारण निर्देशात आहे. पेटंट, व्यापारचिन्ह, कॉपीराइट यांचे दावे अंतरिम मनाईवरच वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे दुखणे न्यायालयाने नेमके ओळखले. असे दावे रोज सुनावणी घेऊन साधारण चार महिन्यांत संपवावेत, असे त्याने देशभरातील न्यायालयांना सांगितले. पेटंटचे आयुष्य अवघे २० वर्षांचे. त्यातली १० वर्षे कोर्टात गेली, तर संशोधकाच्या हाती काय उरणार? याच खटल्याचे पाहा. दोन्ही कंपन्यांत समझोता झाला तो २०१९मध्ये. आज बॅटरी, मोटर आणि सॉफ्टवेअरची पेटंटे घेणाऱ्या चाकण-पिंपरीतील उद्योगांना त्या चार महिन्यांच्या मुदतीची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.