'अशुद्ध' असुर, अशोकाचा 'ल' आणि मालवणचे भांडारकर : थ्रेड

दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक पकडण्याची हौस किती जुनी असावी? पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीच एक कथा येते. असुरांना शत्रूंना उद्देशून 'हे अरयः' म्हणायचे होते. तोंडून निघाले 'हेलयः', आणि त्यांचा पराभव झाला. व्याकरण का शिकावे, याच्या उत्तरादाखल ही कथा सांगितली आहे. सारा अनर्थ एका 'र'चा 'ल' झाल्याने!

गंमत अशी की, त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी ओडिशातील धौलीच्या शिलालेखात अशोकासाठी 'लाजा' हा शब्द कोरला गेला होता. पूर्वेकडील प्राकृतात 'र'च्या जागी 'ल' येत असे. ज्या उच्चाराने असुर बुडाले, त्याच उच्चारात मौर्य सम्राटाच्या आज्ञा निघत होत्या.

पतंजलीने 'गौः' या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंशही दिले आहेत. ते चुकीचे म्हणून दिले, हे खरे. पण त्यामुळेच त्या काळी लोक गाईला काय म्हणत, हे आज कळते. आपली 'गाय' त्या 'गावी'च्याच वंशातली.

आता मालवणकडे वळू. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. पतंजलीचा काळ ठरवताना त्यांनी १८७२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त एक अप्रतिम युक्तिवाद केला. सुरू झालेल्या पण न संपलेल्या क्रियेला वर्तमानकाळ लावावा, हे सांगताना पतंजली पुष्यमित्रासाठी चाललेल्या यज्ञाचे उदाहरण देतो. म्हणजे तो यज्ञ तेव्हा चालू होता, आणि पतंजली शुंग राजा पुष्यमित्राचा समकालीन होता. क्रियापदाच्या काळावरून ग्रंथाचा काळ!

१८७७ मध्ये भांडारकरांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतापासून पाली, प्राकृत आणि देशी भाषांपर्यंतचे बदल नियमाने घडतात, हा त्यांचा गाभा. त्यांत मालवणी आणि गोव्याकडील बोलीची उदाहरणेही आली. संस्कृतच्या क्रमिक पुस्तकांनी पिढ्यांना शुद्ध रूपे घोकायला लावणारा हाच पंडित घरच्या बोलीकडे मात्र पुरावा म्हणून पाहत होता.

पुरावा कसला, तेही पाहण्यासारखे आहे. मालवण-कुडाळकडचे मूल 'माझो', 'मोठो' म्हणाले की त्याला हटकले जाते; मुंबईत तर हशा पिकतो. परीक्षेत प्रमाण रूप लिहावे, याबद्दल वाद नाही. पण 'बिघडलेली मराठी' हा शेरा इतिहासाला धरून नाही. संस्कृत 'घोटकः', प्राकृत 'घोडओ', मालवणी 'घोडो'. प्राकृतातला शेवटचा 'ओ' मालवणीने राखला. प्रमाण मराठीने त्याचा 'आ' केला.

आणि प्रमाण मराठीचे स्वतःचे काय? गोव्यातले 'हांव' हे 'अहम्'पासून आले, म्हणजे रीतसर प्रथमेतून. आपले 'मी' मात्र 'मया'पासून, तृतीयेतून आले. 'मी जातो' हे आजचे निर्दोष वाक्य पतंजलीच्या कानावर पडले असते, तर त्याला ते 'माझ्याकडून जातो' असे काहीसे ऐकू आले असते.