भूपृष्ठावरील प्रारणाचे मापन: एका दीर्घ नोंदीचा इतिहास

सूर्याकडून भूपृष्ठापर्यंत किती ऊर्जा पोहोचते आणि त्यातली किती परत जाते, या हिशेबावर जमिनीचे तापणे, पाण्याची वाफ होणे आणि मोसमी वाऱ्यांची गती अवलंबून असते. लहरींच्या रूपाने वाहणाऱ्या या ऊर्जेला प्रारण म्हणतात. सूर्याकडून येते ते लघुतरंग प्रारण, तर जमीन व हवा यांच्यातून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे ते दीर्घतरंग प्रारण होय. उपग्रह वातावरणाच्या माथ्यावरची आवकजावक मोजतात, परंतु तळाशी काय पोहोचले हे त्यांना गणिताने काढावे लागते, आणि ते उत्तर पडताळण्यासाठी जमिनीवरच्या उपकरणांचाच आधार घ्यावा लागतो.

या मापनाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. फ्रान्समधील क्लोद पुइये यांनी १८३०च्या दशकात सूर्यासमोर धरलेल्या भांड्यातील पाणी किती तापते यावरून सौर ऊर्जा मोजली. १८९३मध्ये स्वीडनचे क्नुत आँगस्ट्रॉम यांनी दोन काळ्या पट्ट्यांपैकी एक उन्हात व दुसरी सावलीत ठेवली आणि सावलीतली पट्टी विजेने उन्हातल्या पट्टीइतकी तापवून, लागलेल्या विजेवरून प्रारणाचे मूल्य काढले. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने स्वतःची मापनश्रेणी रूढ केली. आँगस्ट्रॉम व स्मिथसोनियन या दोन श्रेणींत सुमारे ३.५ टक्क्यांची तफावत असल्याने एकाच उन्हाचे दोन आकडे निघत, आणि जगभर एकत्रित निरीक्षणे घेण्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या तोंडावर, १९५६मध्ये, दोहोंच्या मधली सामाईक श्रेणी ठरवावी लागली.

भारतातील या कार्याचे केंद्र पुणे होते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून पुण्यास आले आणि पुढे ते दिल्लीला गेले तरी उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. १९३२मध्ये एल. ए. रामदास व आत्मनाथन यांनी दाखवून दिले की, निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसून तिच्या किंचित वर असते. रात्रीच्या दीर्घतरंग प्रारणाकडे बारकाईने पाहिल्याखेरीज हे कोडे उलगडणारे नव्हते. १९४८मध्ये इंग्लंडहून परतून पुण्यात रुजू झालेल्या अ‍ॅना मणी यांनी सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, ती देशातच घडवण्यावर भर दिला आणि १९५७-५८च्या भूभौतिकी वर्षात प्रारण-केंद्रांचे जाळे उभारले. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग ठेवून सर्व दिशांनी येणारे लघुतरंग प्रारण मोजणारा पायरॅनोमीटर हे अशा केंद्रांचे मुख्य साधन होय. या केंद्रांच्या नोंदींवर आधारलेली मणी यांची सौर प्रारणविषयक दोन पुस्तके १९८०-८१मध्ये प्रसिद्ध झाली. आशियातील प्रादेशिक प्रारण-केंद्र म्हणून जागतिक हवामान संघटनेने टोकियोबरोबर पुण्याचीही निवड केली.

उपकरण बसवल्याने मात्र काम संपत नाही. काळा रंग उन्हाने विटतो, घुमटावर धूळ साचते, आणि म्हणून प्रत्येक उपकरण ठरावीक काळाने प्रमाण-उपकरणाशी ताडून पाहावे लागते. या तुलनांच्या साखळीचे वरचे टोक स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आहे. १९८०च्या सुमारास लागू झालेली जागतिक संदर्भश्रेणी १९५६च्या श्रेणीपेक्षा सुमारे २.२ टक्क्यांनी वरची आहे. दर चौरस मीटरला २०० वॅट ही सरासरी धरली तर हा फरक चार वॅटांहून अधिक होतो, आणि औद्योगिक युगात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा एकूण प्रभाव दोन वॅटांच्या आसपास आहे. श्रेणी बदलल्याची नोंद नसती, तर मापनातील बदल हाच हवामानबदल म्हणून गणला गेला असता.

अशा जपलेल्या नोंदींतूनच एक अनपेक्षित वस्तुस्थिती उघड झाली. १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत जगातील अनेक केंद्रांवर सूर्यप्रकाश घटला होता, असे आत्सुमु ओहमुरा व इतर संशोधकांना आढळले. पुढे युरोपात तो पुन्हा वाढला. १९९२पासून दीर्घतरंग प्रारणासह मिनिटागणिक सरासरी नोंदवणारे अत्यंत काटेकोर जागतिक जाळेही सुरू झाले. युरोपात प्रकाश वाढला तरी भारतात मात्र घट चालूच राहिली: पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७मध्ये १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासून, दर चौरस मीटरमागे दरवर्षी सरासरी ०.८६ वॅट घट झाल्याचे दाखवले. हवेतील सूक्ष्म कणांनी प्रकाश अडवल्यामुळे तापमानवाढीचा काही भाग झाकला जातो, हा विचार अशा पुराव्यावर उभा आहे. अ‍ॅना मणींच्या पिढीने जाळे उभारले तेव्हा या घटीची कोणालाच कल्पना नव्हती, आणि मागचा प्रकाश नंतर मोजता येत नाही. म्हणून नोंद अखंड ठेवणे हे हवामानशास्त्राचे दुय्यम नव्हे, तर मूलभूत संशोधनकार्य मानले पाहिजे.