स्वक्षमता-विश्वास
समोरचे ठरावीक काम आपल्याला जमेल, ही व्यक्तीची खात्री. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) यांनी ही संकल्पना १९७७ मध्ये मांडली. सापाला घाबरणाऱ्यांवरील त्यांचे प्रयोग बोलके आहेत : आधी दुसऱ्याला साप हाताळताना पाहायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, शेवटी साप मांडीवर घ्यायचा. पायरीगणिक धीर वाढे, भीती ओसरे. ताणाच्या प्रसंगीही खात्री असलेला माणूस सहसा अडचणीला भिडतो; नसलेला ती टाळतो किंवा कुढत बसतो. (जे हाती नाही, तिथे भिडण्यात अर्थ नसतो, हेही खरे.) स्वभावाचाही वाटा असतोच, चिंताळू माणसाला तोच प्रसंग अधिक धोक्याचा भासतो. शाबासकीने खात्री थोडी वाढते. मात्र तिचा सर्वांत भक्कम आधार बँडुरा यांच्या मते स्वतः मिळवलेले यश हाच होय.