मुधोळ हाउंड : धावेसाठी घडलेल्या श्वानाचा सांभाळ

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी वसलेल्या मुधोळचे नाव धारण करणारी ही श्वानजात दख्खनच्या पठारावर ‘कारवानी’ या नावानेही ओळखली जाते. उत्तर कर्नाटक आणि लगतच्या महाराष्ट्रातील शेतवस्त्यांवर राखण व शिकार यांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. आता शहरांतील बंगल्यांत आणि सदनिकांतही ती दिसू लागली आहे. मात्र तिची कीर्ती जितकी पसरली, तितकी तिच्या गरजांची जाण पसरलेली नाही. दिवसभर साखळीला जखडलेला मुधोळ हाउंड हे त्या अज्ञानाचेच दृश्य रूप होय.

पूर्वपीठिका

पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर या जातीचे पूर्वज दख्खनमध्ये आले असावेत, असे मानले जाते. ‘कारवानी’ हे नाव त्याच तांड्यांची आठवण सांगते. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजाकडील शिकारी कुत्र्यांचे गुण हेरून त्यांच्या पैदाशीला आश्रय दिला. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचे सांगितले जाते. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी श्वानजातींवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडला स्थान मिळाले. २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात या कुत्र्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. मुधोळजवळील तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र कार्यरत आहे.

देहरचना व स्वभाव

लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब, सडसडीत पाय ही या जातीची लक्षणे. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास आणि वजन साधारण २० ते २८ किलो असते. हा श्वान वासापेक्षा नजरेने भक्ष्याचा माग घेतो. भरधाव धावताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. परक्यांशी तो अंतर राखून वागतो, मात्र घरच्यांशी एकनिष्ठ असतो. मारझोडीने तो बिथरतो. संयमाने आणि लहानपणापासून दिलेले शिक्षणच त्याला मानवते.

व्यायाम

सकाळ-संध्याकाळ किमान अर्धा-पाऊण तास चालणे आणि आठवड्यातून काही वेळा मोकळ्या पण कुंपणबंद जागेत मनसोक्त धावणे, ही त्याची मूलभूत गरज आहे. ती भागली, तर हा श्वान उरलेला दिवस घरात शांतपणे झोपून काढतो. न भागल्यास दारे ओरबाडणे, सतत भुंकणे, कुंपण ओलांडून पळणे हे प्रकार सुरू होतात. पळणारे मांजर किंवा कोंबडी दिसताच मालकाची हाक त्याच्या कानी पडेनाशी होते. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावर त्याला पट्ट्याविना सोडू नये. डोके मानेइतकेच अरुंद असल्याने साध्या गळपट्ट्यातून ते सहज निसटते. रुंद आणि ओढ बसताच किंचित आवळणारा गळपट्टा वापरावा. कुंपण सहा फुटांहून कमी नसावे. उन्हाळ्यात फिरणे पहाटे आणि सूर्यास्तानंतरच व्हावे. पिल्लू वर्षाचे होईपर्यंत त्याला दमछाक होईल असे पळवू नये.

आहार

ग्रामीण भागात ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, दूध आणि कधीमधी अंडे यांवर ही कुत्री वाढतात. त्याला मांस, अंडी वा अन्य प्रथिनांची नियमित जोड हवी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य करावे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या किंचित दिसणे हे या जातीत सुदृढतेचे लक्षण आहे. ‘कुत्रा वाळला’ म्हणून त्याला लठ्ठ करणे घातक ठरते. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून अन्न दिवसातून दोनदा विभागून द्यावे आणि जेवणानंतर तासभर धावू देऊ नये. पोट फुगणे आणि ओकारीचे निष्फळ उमाळे दिसताच विलंब न लावता पशुवैद्य गाठावा.

आरोग्य

त्वचा पातळ आणि चरबी अल्प असल्याने जखमा लवकर होतात व थंडी बाधते. कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून अंथरूण मऊ असावे. गोवा आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत गोचिडांचा उपद्रव मोठा असतो व त्यांतून ताप संभवतो. कान आणि बोटांमधील जागा रोज तपासावी. पिल्लाचे लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावी. कमी चरबीच्या अशा कुत्र्यांवर बार्बिट्युरेट गटातील भुलीचा अंमल लांबतो. शस्त्रक्रियेपूर्वी श्वानाची जात पशुवैद्याच्या ध्यानी आणून द्यावी.

कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सशासारख्या वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे. कुत्र्याकरवी केल्यानेही तो टळत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील क्रूरताच ठरते. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.

घरी आणण्यापूर्वी

पिल्लू निवडताना त्याची आई आणि ती राहते ती जागा प्रत्यक्ष पाहावी. मूळ प्रदेशाबाहेर या नावाखाली संकरित पिल्लेही विकली जातात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न भावी मालकाने स्वतःला विचारावयाचा आहे : पुढील बारा-तेरा वर्षे, पावसाळ्यातही, त्याला रोज दोन वेळा घराबाहेर नेणारे कोणी घरात आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर दुसऱ्या शांत जातीचा विचार करावा. शिकारीचा काळ सरला, तरी या श्वानाची धाव सरलेली नाही; तिला वाट देणे हीच त्याच्या सांभाळाची पहिली अट आहे.