संध्याकाळ कुणाच्या मालकीची?

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्या नाटकातल्या माणसांच्या पडद्याबद्दल आणि त्यावरून उठलेल्या वादाबद्दल भरपूर लिहून झालं आहे. मला वेगळाच प्रश्न पडतो. ही मंडळी दिवसभर काय करत होती?

दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्याच गोतावळ्यातले सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला. म्हणजे आधुनिक मराठी रंगभूमीचा एक मोठा टप्पा पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणाऱ्या माणसांनी घडवला.

आपण याला ‘हौस’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. पण या हौसेला एक व्यावहारिक ताकद होती. ‘घाशीराम’चे १९ प्रयोग झाल्यावर भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली, २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं. मधलं वर्षभर नाटक बंद होतं, पण त्यामुळे या डॉक्टरांच्या घरची चूल विझणार नव्हती. घर नाटकावर चालत नव्हतं, म्हणूनच नाटकासाठी भांडणं परवडलं. त्याच वर्षी आळेकरांचं ‘महानिर्वाण’ही आलं.

हा काही एकमेव मार्ग नव्हता. याच पीडीएमधून पुढं आलेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. त्यांनी १९६९मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. पण एखाद्याच्या अशा उडीवर शहराची रंगभूमी चालत नाही. ती चालते संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून तालमीला येणाऱ्या पन्नासेक माणसांवर.

मी आयटीत काम करतो आणि शनिवार-रविवारी सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, भरत नाट्य मंदिर अशा फेऱ्या मारतो. प्रयोग संपल्यावर कलाकारांची ओळख करून देतात. त्यात कुणी टेस्टिंगमध्ये असतं, कुणी डेटावर काम करत असतं. परंपरा तीच आहे, फक्त स्टेथोस्कोपच्या जागी लॅपटॉप आला आहे. यातले बरेच जण पुरुषोत्तम करंडकातून आलेले असतात. १९६३पासून चालत आलेल्या या स्पर्धेनं कॉलेजच्या किती पिढ्यांना एकांकिकेचं वेड लावलं. अभियांत्रिकीची मुलं त्यात हिरिरीनं उतरतात, ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतात आणि पदवी हातात पडली की हिंजवडीला जातात.

मग अडतं कुठं? पगारात नाही. अंतराचं कारण सगळे देतात, पण तेही पुरत नाही. जब्बार पटेलांचा दवाखाना दौंडला होता, हिंजवडीपेक्षा कितीतरी लांब. फरक आहे घड्याळाचा. दवाखाना कधी बंद करायचा हे डॉक्टर ठरवतो. सरकारी प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप लागतं. माझ्या टीममधल्या कुणाचाही दिवस मात्र न्यूयॉर्कच्या सकाळीशी बांधलेला असतो. तिथं नऊ वाजतात तेव्हा इथं उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तालीम सुरू व्हायची नेमकी तीच वेळ.

‘घाशीराम’मध्ये बारा ब्राह्मणांची रांग आहे. ती रांग कधी भिंत होते, कधी कीर्तनातला जमाव, कधी नुसता पडदा. ती एका लयीत हलायची तर ते सगळेच्या सगळे रोज एका वेळी एका जागी हवेत. आज बारा जणांच्या कॅलेंडरांत एकच मोकळा तास शोधून बघा. मी पाहतो त्या प्रायोगिक नाटकांत बहुतेकदा दोन-तीन पात्रं असतात, आणि त्याचं कारण केवळ सौंदर्यदृष्टी असेल असं मला वाटत नाही. नाटकाचा आकार शहराच्या कामाच्या वेळाही ठरवतात.

जुन्या संध्याकाळींचं गुणगान करताना एक हिशेब मात्र सुटू नये. नोकरी करून रात्री अकरापर्यंत तालीम करणाऱ्या पुरुषाच्या घरी पोरांचा अभ्यास घेणारी, सासूसासऱ्यांचं बघणारी आणि ताट झाकून ठेवणारी बहुधा एक बाई असे. त्याची संध्याकाळ मोकळी होती, कारण तिची नव्हती. आज माझ्याबरोबरीनं नोकरी करणारी मैत्रीण तालमीला जाते, तेव्हा तिला ऑफिस आणि घर या दोघांकडूनही वेळ सोडवून घ्यावा लागतो. त्यामुळे ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मी म्हणणार नाही.

पण रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाटककार, दिग्दर्शक आणि सालं यांच्या जोडीला हेही लिहायला हवं, की तेव्हा ऑफिस किती वाजता सुटत होतं आणि घरी कोण थांबलं होतं. नाट्यगृहं बांधायची मागणी आपण करतोच. बालगंधर्व रंगमंदिर १९६८मध्ये उभं राहिलं तेव्हा ते भरायला संध्याकाळी मोकळी असलेली माणसंही या शहरात होती. आता मोकळ्या संध्याकाळीसाठीही कुणीतरी भांडायला हवं, आणि ते भांडण नाट्यगृहात नाही, ऑफिसात करावं लागेल.