भोपाळचा तट आणि वसईचे आम्ही

वसईच्या ख्रिस्ती घरात इतिहासाचा विषय निघाला की तो बहुधा १७३९ पाशी येऊन अडखळतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी कोट घेतला, पोर्तुगीज निघून गेले आणि आम्ही मागे राहिलो. ओठी मराठी, हाती जपमाळ. ते विजयी सैन्य आपले म्हणावे की परके, याचा उलगडा आमच्या घराण्यात अजून झालेला नाही. हा जुना प्रश्न दूर माळव्यातील एका तलावाकाठी पुन्हा समोर येईल, असे मात्र आम्हांस वाटले नव्हते.

धाकट्या बंधूच्या कुटुंबासमवेत आम्ही चार दिवसांसाठी भोपाळला गेलो होतो. कल्याणला रात्री पंजाब मेल गाठली आणि सकाळी उतरलो. जुन्या शहरातील चौकात गर्दी आहे, पण बड्या तलावाच्या काठी पहाटे अशी निःशब्दता असते की वल्ह्याचा आवाज लांबून ऐकू यावा. कोलांस नदीला बांध घालून हा तलाव अकराव्या शतकात भोजराजाने निर्माण केला, अशी परंपरा आहे. शेजारचा छोटा तलाव १७९४ मधला, नवाबाचा दिवाण छोटे खान याने करविलेला. बंधूची मुले नावेत बसण्यास उतावीळ झाली होती. आमचे मन मात्र पाण्यालगतच्या तटाच्या अवशेषांकडे गेले.

डिसेंबर १७३७ मध्ये निजामुल्मुल्क याच भोपाळच्या आश्रयाला आला होता. एका बाजूस तलाव असल्याने जागा त्याला सुरक्षित वाटली असावी. तीच त्याला भोवली. बाजीरावाने बाहेरून वाटा बंद केल्या, आत धान्य संपले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराई येथे निजामाला माळवा व नर्मदा-चंबळेमधील मुलूख सोडण्याचे मान्य करावे लागले. एवढे शाळेत शिकवितात. आम्हांस आठवले ते वेगळे. निजामाचा पुत्र नासिरजंग दक्षिणेतून कुमक घेऊन येऊ नये म्हणून त्याच हिवाळ्यात चिमाजी अप्पा तापीकाठी अडकून पडले होते. इकडे साष्टी मराठ्यांच्या हाती गेली होती, पण वसईचा कोट अजून उभा होता. आमच्या पूर्वजांना भोपाळचे नावही ठाऊक नसेल, तरी त्यांच्या दैवाची एक दोरी या पाण्याकाठी बांधलेली होती.

याच तटाभोवती १८१२-१३ मध्ये पुन्हा मराठी फौजा बसल्या, या खेपेस शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या. आत वजीर मोहम्मद खान मूठभर लोकांनिशी तग धरून होता. बायकांनीही तटावरून दगडांचा मारा केला. या वेढ्यात आतल्या बाजूला एक कॅथलिक घराणे होते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. ते बुर्बाँ घराणे. नरवर सोडून ते भोपाळच्या चाकरीत आले होते. आपला मूळ पुरुष फ्रान्सच्या राजवंशातील असून अकबराच्या दरबारी आला, असे ते सांगत. त्या कथेला भक्कम पुरावा नाही आणि राजरक्ताच्या या हौसेत आम्हांस फारसे स्वारस्यही नाही. गोव्या-वसईकडेही पोर्तुगीज आजोबा शोधणारे काही कमी नाहीत!

त्या घराण्याचे खरे मोल बाल्थाझार बुर्बाँच्या कामात दिसते. भोपाळात त्याला शहजाद मसीह म्हणत. १८१८ मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहावर संस्थानच्या वतीने बोलणी करणाऱ्या दोघांपैकी तो एक. मॅल्कमनेही त्याचा शूर आणि कर्तबगार पुरुष म्हणून गौरव केला आहे. पुढच्याच वर्षी तरुण नवाब नजर मोहम्मद पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला. मागे विशीही न गाठलेली विधवा कुदसिया बेगम आणि कडेवरची मुलगी सिकंदर. नात्यातील पुरुष गादीवर डोळा ठेवून होते. बेगमेने पडदा सोडला आणि मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. तिच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत हा ख्रिस्ती दिवाण होता. तेथून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, भोपाळवर स्त्रियांचेच राज्य चालले. याच कुदसिया बेगमेने पुढे नळ घालून शहराला फुकट पाणी दिले.

बाल्थाझारच्या विधवेला लोक दुल्हन साहिबा म्हणत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६७ मध्ये भोपाळास आला तेव्हा तिला भेटला होता. जहांगीराबादेत तिने ख्रिस्तमंदिर बांधविले. तेथील संत फ्रान्सिस असिसीकरांच्या कॅथेड्रलचा वृत्तान्त तिच्यापासून सुरू होतो. ही श्रद्धा तेथे गलबतातून, तोफांच्या आडोशाने आली नव्हती. एका मुसलमान संस्थानाच्या चाकरीतील कुटुंबाने ती स्वतःच्या देवघरात जपली होती.

मिस्सा आटोपून बाहेर आलो तेव्हा हे सारे आम्ही मुलांना सांगत होतो. पुतणीने मध्येच विचारले, “फादरकाका, म्हणजे वेढ्यात आपली माणसं बाहेर होती की आत?”

प्रवचनाची इतकी वर्षे सवय असूनही आम्हांस शब्द सुचेना. “दोन्हीकडे,” असे शेवटी म्हणालो. पण तिचे समाधान झाले नाही. “आणि वसईला?” तिने लगेच पुढे विचारले.

बंधू हसला. भावजय म्हणाली, “काकांना आधी चहा तरी घेऊ दे.”

परतीच्या गाडीत पोरीने तगादा लावला की धर्मग्रामाची १७३९ नंतरची पुस्तके तिला पाहायची आहेत. आम्ही आजवर त्या कपाटाकडे दमट वासामुळे फिरकलो नव्हतो. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या रविवारी ती वही-पेन्सिल घेऊन दारात हजर झाली. पहिल्या पुस्तकाची पाने चिकटलेली आहेत. ती पातळ सुरीने, एकेक करून, सोडवीत आहोत.