नाइलाजाचे कलम

बुलडाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याला लागून ज्यांची शेती आहे, त्यांना भीती दोघांची: अस्वलाची आणि रानडुकराची. कायदा मात्र या दोन भीतींना एका मापाने मोजत नाही. अस्वल अंगावर आले आणि जीव वाचवताना कुऱ्हाड चालली, तर तो गुन्हा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ तशी मुभा देते. अट अशी की, कृती सद्भावनेने झालेली असावी आणि त्या वेळी माणूस स्वतः शिकारीसारखे या कायद्याविरुद्धचे काम करत नसावा. डुकरासाठी कुंपणात वीज सोडली आणि माणूस दगावला, तर मात्र शेतमालक आरोपी होतो.

नाइलाजाला माफी, पण मोजून, ही रीत जुनी आहे. शिधा संपलेल्या वाटसरूने परक्या शेतातून दोन ऊस आणि दोन मुळे घेतले तर दंड नाही, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. ही सवलत द्विजापुरतीच होती, आणि तिलाही दोनाची मर्यादा होती.

इंग्रजी राजवटीत मेकॉलेच्या कायदा आयोगाने दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात जीव वाचवण्यासाठी केलेल्या गुन्ह्यांना सरसकट माफी नाकारली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८१ आले, तेही जपून: दुसरी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेले कृत्य केवळ त्यातून नुकसान होईल हे ठाऊक होते म्हणून गुन्हा ठरत नाही. त्याचे एक उदाहरण आगीचे. मोठी आग पसरू नये म्हणून घरे पाडणारा दोषी नाही. मात्र संकट तेवढे मोठे आणि तेवढे जवळ होते का, हे प्रत्येक खटल्यात तपासायचे.

१८६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे धनिया दाजीचा खटला आला. ताडी चोरणारा सापडावा म्हणून त्याने मडक्यांत विष घातले. ती ताडी विकत घेऊन प्यायलेल्या सैनिकांना बाधा झाली. कलम ८१ त्याच्या कामी आले नाही. तो दोषी ठरला.

१ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १९ व्या क्रमांकावर आहे. विजेचे कुंपण आणि विषाचे मडके यांत फरक नाही: कोण सापडेल, हे लावणाऱ्याच्या हाती नसते. पीक गेले तर पंचनामा करून वनविभागाकडे भरपाई मागावी. तारेत वीज सोडू नये.